आवरलेले घर

अधिकारी बाईंनी झोपायच्या खोलीतले कपाट उघडले, तेव्हा त्यात पुरुषाचे चार शर्ट, कामाचे दोन निळे डगले आणि बरेचसे रिकामे हँगर होते. बायकोची म्हणून एक चिंधीही नव्हती.

"यांचे कपडे कुठे असतात?" त्यांनी विचारले.

मुलाने आधी बायकोकडे पाहिले, मग आईकडे. तो लिफ्ट दुरुस्तीचे काम करी. बायको परदेशची, तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आलेली, इथली भाषा शिकलेली. तिला इथे कायमचे राहता यावे म्हणून त्याने अर्ज केला होता, आणि हे लग्न खरे की केवळ कागदावरचे, एवढेच ठरवायला बाई आल्या होत्या. त्यांचा शेरा प्रतिकूल पडला, तर महिन्याच्या आत सुनेला देश सोडावा लागणार होता.

दारात उभ्या असलेल्या त्याच्या आईच्या, माईंच्या, तोंडचे पाणी पळाले. ते कपाट त्यांनीच रिकामे केले होते.

परके माणूस येणार म्हटले की घर आवरून ठेवायचे, ही त्यांची उभ्या जन्माची शिस्त. मुलाने परोपरीने बजावले होते की आहे ते आहे तसेच राहू दे. पण सुनेच्या चुरगळलेल्या कपड्यांत कुणा सरकारी बाईने हात घालावा, हे माईंच्या पचनी पडणारे नव्हते. सकाळी सून अंघोळीला गेली आणि मुलगा पुढच्या खोलीत कागद लावत बसला, तेवढ्यात त्यांनी तिचे कपडे, बाटल्या, केस अडकलेला ब्रश, अर्धे वाचून पालथे ठेवलेले पुस्तक, असे सारे उचलून आपल्या खोलीत नेले. पलंगावर सुरकुती म्हणून राहू दिली नाही. दुसरी उशी मळकी होती, तीही काढली.

"माझ्या कपाटात आहेत," माई म्हणाल्या.

"म्हणजे या तुमच्या खोलीत झोपतात, आजी?"

आपण कोणाची आजी व्हायचे हे माई स्वतः ठरवीत असत. आज त्यांनी तो शब्द निमूटपणे गिळला आणि झाला प्रकार सांगितला. बाईंनी मान हलवली. ती मान विश्वासाची नव्हती आणि अविश्वासाचीही नव्हती. अशा किती घरांत किती वेळा हलवली असेल, कोण जाणे.

मग सारे पुढच्या खोलीत बसले. बाईंनी नवऱ्याला विचारले, बायको कामाला किती वाजता जाते. लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहते, आठला निघते, तो म्हणाला. बायकोला विचारले, नवऱ्याला कशाची ॲलर्जी आहे. तिने तीन औषधांची नावे सांगितली. उत्तरे बिनचूक होती आणि पाठ केलेल्या धड्यासारखी घडाघडा येत होती. बाईंचे पेन जागचे हलत नव्हते.

शेवटी त्या माईंकडे वळल्या. या दोघांची भांडणे होतात का, असा त्यांचा प्रश्न होता.

"आमच्या घरात भांडणं होत नाहीत," माई ताठ बसून म्हणाल्या. शेजाऱ्यांना, व्याह्यांना, नातेवाइकांना चाळीस वर्षे त्यांनी हेच एक उत्तर दिले होते.

बाईंनी मात्र ते लिहून घेतले, शब्दन् शब्द. सुनेने डोळे मिटले. लिहिता लिहिताच बाई म्हणाल्या की भांडण नसलेली जोडपी त्यांनी पुष्कळ पाहिली; त्यांतली बहुतेक एका छपराखाली राहतच नसतात.

"ते खोडा," माई म्हणाल्या.

"काय?"

"आत्ता मी सांगितलं ते. खोटं आहे."

आणि जे सख्ख्या बहिणीलाही कधी कळू दिले नव्हते, ते माईंनी एका अनोळखी बाईपुढे मांडले. तो ग्रीसचे हात भांडी घासायच्या ठिकाणी धुतो. ती खिडकी बंद करू देत नाही. रुसली की दोन दोन दिवस बोलत नाही, आणि तोही काही कमी नाही. मधली भिंत पातळ आहे. गेल्या रविवारी भर दुपारी भांडण झाले, ते तर माझ्यावरून.

माईंनी सुनेकडे बोट केले.

"ही म्हणाली, तुझी आई मला पाहुणीसारखी ठेवते. पाहुणी गेली की खोली आवरून टाकतात, तशी एक दिवस मलाही आवरून टाकील."

सुनेचा चेहरा उतरला. ते आपण हळू बोललो होतो, अशी तिची समजूत होती.

"मग तुमचा मुलगा काय म्हणाला?"

"काही नाही. कूस वळवून झोपला."

"झोपलो नव्हतो," मुलगा म्हणाला.

"घोरत होतास," सून म्हणाली.

"आठवड्यातून एक सुट्टी मिळते मला. आणि मी म्हटलं होतं, आईशी बोलतो."

"ते तू मागच्या वर्षीही म्हटलं होतंस. बोललास?"

"तुला प्रत्येक गोष्टीची तारीख बरी लक्षात राहते."

"कारण तुझ्या लक्षात एकही राहत नाही."

तो खुर्ची वळवून बसला. तिचे दोन शब्द तिच्या मायबोलीत गेले. ते त्याला नेमके समजले आणि त्याने त्यांचेही उत्तर दिले. खोलीत आणखी कोणी बसले आहे, याचा दोघांनाही विसर पडला.

बाईंनी पेनाला टोपण लावले आणि फाईल उचलायला हात पुढे केला.

"बसा," माई म्हणाल्या. "अजून संपलेलं नाही त्यांचं."