चूल नसलेलं जग

"लुमे तारी ओशेन," कंपोझिटर म्हणाला आणि बायकोकडे बघत राहिला.

बायकोने सुनेकडे बघितलं. हेच तिला सहन होत नव्हतं. नवरा तिचा, त्याची खुर्ची उन्हाकडे वळवली तिने, गळ्याखाली फडकं बांधलं तिने; आणि तो काय म्हणतोय ते मात्र दुसरीच्या तोंडून ऐकायचं.

"बाबा म्हणतायत, आईंनी आधी जेवून घ्यावं," सून म्हणाली.

पक्षाघाताला दोन महिने झाले होते. हात सुधारला, पाय सुधारला, पण वाचा गेली ती गेली. परत आलं ते हे असलं काहीतरी. दवाखान्यात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सून म्हणाली होती, ही तर बाबांचीच भाषा. आणि सगळ्यांना ते पटलं. छापखान्यात पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द जुळवून झाले की कंपोझिटर घरी येऊन वह्यांमध्ये स्वतःचं जग मांडत बसायचा. त्या जगात तीन भाषाकुळं होती: नदीकाठचं, डोंगरातलं आणि बेटांवरचं. नदीकाठच्या मूळ भाषेला सात लेकी होत्या, आणि त्यांचा वंशवृक्ष समोरच्या भिंतीवर चौकटीत लावला होता. लग्नाचा फोटो कपाटात होता.

बायको त्या वह्यांना सवत म्हणायची, आणि ती काही अगदीच थट्टा नव्हती. तरी वह्या तोंड मिटून पडून असायच्या, म्हणून चाललं. मग सून आली. तिने हौसेने अकराच्या अकरा वह्या कॉम्प्युटरवर टाइप केल्या आणि त्यांचा शब्दकोश छापून आणला. संध्याकाळी सासरा-सून बसायचे, बेटांवरच्या भाषेत काहीतरी बोलायचे आणि खो खो हसायचे. काय झालं, असं आतून विचारलं की दोघंही म्हणायची, काही नाही. आणि आता तर त्याचा शब्द न् शब्द हिच्या हातात. बायकोच्या पोटात जळत होतं, आणि ते पित्त नव्हतं.

पण हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली ती नव्हती. सून ऑफिसला गेली की टाइप केलेला शब्दकोश मांडीवर घ्यायची आणि शाळकरी पोरीसारखी ओठ हलवत घोकायची. असा पंधरवडा गेला. उन्हाला सतरा शब्द होते. सकाळचं वेगळं, ढगाआडून येणारं वेगळं. मग तिने 'जेवण' शोधलं. नव्हतं. 'भूक' नव्हतं. मीठ, चूल, ताट, काही म्हणता काही नव्हतं. शेवटी प्रस्तावनेतच सापडलं: या जगातली माणसं उन्हावर जगतात, त्यांना जेवावं लागत नाही.

तिने पुस्तक मिटलं. चाळीस वर्षं या माणसाला दोन्ही वेळा गरम वाढलं, आणि याने बसून बसून काय उभं केलं, तर जिथे तिचं कामच नाही असं जग.

म्हणूनच आज 'जेवून घ्यावं' ऐकल्यावर तिचा हात ताटावर थांबला.

"जेवायला कोणता शब्द म्हणाले गं ते?"

सून गोंधळली.

"त्यांच्यात जेवतच नाहीत कोणी," बायको म्हणाली. "पान चार. तूच टाइप केलंयस."

मग सुनेने हळूहळू सगळं सांगितलं. अगदी दवाखान्यापासूनच तिला बाबांचं एक अक्षर कळत नव्हतं. तिन्ही कुळं धुंडाळून झाली होती. ना नदीकाठचं, ना डोंगरातलं, ना बेटांवरचं. मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटायचा, पुढे नुसते आवाज. पहिल्या दिवशी आई आशेने तिच्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणून तिने काहीतरी सांगून टाकलं. मग रोजच सांगावं लागलं.

"तुम्ही जेवत नव्हता, आई," ती म्हणाली. "मी म्हटलं असतं तर ऐकलं नसतंत."

बायकोला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं, तहानेच्या वेळी गार पाणी प्यायल्यावर वाटतं तसं. म्हणजे हिलाही कळत नाही तर. मग त्या बरं वाटण्याची तिला लाज वाटली. आणि त्याच्याही मागाहून ध्यानात आलं की हिलाही कळत नाही, म्हणजे कोणालाच कळत नाही. तो तिकडे अगदी एकटा आहे.

तिने घास केला आणि त्याला भरवला. कंपोझिटरने सावकाश चावला, गिळला, आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "तारी. तारी लुमे."

सवयीने सुनेचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो वाट बघत होता.

बायको वाकली. त्याच्या ओठांजवळ कान नेला, मान हलवत चांगला वेळ घेऊन ऐकलं. मग पदर सावरून ताठ बसली आणि सुनेकडे वळली.

"मीठ कमी पडलंय म्हणतायत," ती म्हणाली. "आज भाजी तू केली होतीस ना?"