गोरखच्या तक्रारी

“ताई, ह्या गादीत कंबर बुडतीया,” गोरख म्हणाला.

रत्नानं घड्याळ बघितलं. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. तिनं तक्रारीचा नवा कागद काढला. काल संध्याकाळपासूनचा गोरखचा हा अकरावा कागद होता. ठोके मोजायला छातीला चिकटवलेल्या चकत्या खाजतात. एसीचं वारं कानात शिरतं. डाळ पाणचट. चहाबिगर डोकं जड झालंय. आणि अजून तर औषधाची गोळी दिलीसुद्धा नव्हती.

कापूरहोळजवळ हायवेला लागून असलेल्या त्या केंद्रात रत्ना नर्स होती. हृदय कमजोर झालेल्यांसाठी निघालेलं एक नवं औषध तिथं तपासलं जात होतं. आजाऱ्यांना देण्याआधी ते धडधाकट माणसांना द्यायचं आणि किती मात्रा अंगाला सोसते ते बघायचं. आठ जण दाखल झाले होते. सगळ्यांनी समजून घेऊन सह्या केल्या होत्या. आधीच्या दोन गटांना कमी डोस दिला होता, तेव्हा कुणाला काही झालं नव्हतं. ह्यांचा डोस त्याहून मोठा होता. आठांतल्या दोघांना नुसती बिनऔषधाची गोळी मिळणार होती. ती कुणाला, हे रत्नालाही ठाऊक नव्हतं.

नियम एकच होता. त्रास केवढाही असो, कागद भरायचा. वेळ लिहायची, किती त्रास ते लिहायचं, डॉक्टरांची सही घ्यायची.

बाकीचे सात जण शहाण्यासारखे पडून होते. शेजारच्या खाटेवरचा भोंगवलीचा कुमार तर विचारायच्या आधीच अंगठा वर करायचा. “एकदम ओके, ताई!” रत्नाला त्याचं कौतुक वाटायचं. आणि हिर्डोशीचा हा गोरख, शेळ्या राखणारा, दगडासारख्या अंगाचा माणूस, त्याला मात्र गादी मऊ लागत होती.

आठ वाजता सगळ्यांनी गोळी घेतली. नऊ वाजता गोरखची जीभ कोरडी पडली. दहाला पोटात गुरगुरलं. “तुम्हाला भूक लागलीय, गोरखभाऊ,” रत्ना दात आवळून म्हणाली.

“व्हय. पण गुरगुरतंय, ते लिवा.”

तिनं लिहिलं. डॉक्टरबाईंनी सही करता करता सुस्कारा सोडला. “हा माणूस नक्की धडधाकट आहे ना गं?”

अकराला रत्ना पुन्हा खाटांवरून फिरली. सात वेळा “बरंय” ऐकलं आणि गोरखपाशी येऊन उभी राहिली.

“मगाशी लघवीला गेलतो,” तो म्हणाला. “तवा जमीन जराशी मागं राहिल्यागत झालं.”

रत्नानं पेनाला टोपण लावलं. आता बास झालं. गादी झाली, डाळ झाली, आता जमिनीचीही तक्रार! बाराला सगळ्यांचं उभं करून बीपी बघायचंच होतं. तोवर हा एक कागद नाही भरला तर काय बिघडणार होतं? ती पुढं निघालीसुद्धा. दोन खाटा गेल्यावर स्वतःवरच चिडून ती परत आली.

“मागं राहिली म्हणजे नेमकं काय झालं?”

गोरखनं जरा विचार केला. “म्या शेरडांमागं कडा चढतो, ताई. पाय कुठं ठेवायचा ते मला बघावं लागत न्हाई. आत्ता दोन पावलं कुठं पडली तेच कळलं न्हाई.”

रत्नानं त्याचं बीपी घेतलं. झोपून एकशे अठरा. मग त्याला उभं केलं. ब्याऐंशी. नाडी चव्वेचाळीस. तिनं एका हातानं त्याला खाटेवर बसवलं आणि दुसऱ्या हातानं घंटी दाबली.

डॉक्टरबाई धावत आल्या. बाराची वाट न बघता त्यांनी एकेकाला तपासायला घेतलं. कुमार उभा राहिला आणि भिंतीला टेकला. ओठ पांढरे पडले होते, अंगठा मात्र वर होता.

“अंधारी येतीय?”

कुमारनं अंगठा खाली घेतला. मग हळूच म्हणाला, “दोनदा आली.”

“अरे, मग बोलला का नाहीस?” रत्ना ओरडलीच.

“घरी पाठवलं असतं. परत बोलावलं नसतं. पुढचे पैसे बुडाले असते.”

पुढच्या खाटेवरचा सिद्धनाथही तसाच निघाला. तिघांना आडवं केलं, पायांखाली उशा दिल्या, सलाइन लावलं. चार वाजेपर्यंत तिघांचंही बीपी जागेवर आलं. पुढच्या आठवड्यात नव्या गटाला याच्या दुप्पट डोस द्यायचा होता. तो रद्द झाला. धडधाकट गडी ह्या डोसानं भिंतीला टेकत असतील, तर कमजोर हृदयाचं काय होईल, असं डॉक्टरबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. औषध बंद नव्हतं झालं, पण ह्या मात्रेच्या वर आता कुणी जाणार नव्हतं.

संध्याकाळी रत्ना गोरखच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसली. आपण दोन खाटा पुढं निघून गेलो होतो, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

“गोरखभाऊ, घरीसुद्धा तुम्ही असंच सगळं सांगता का हो?”

“न्हाई ओ. घरी कोन इचारतंय?” तो हसला. मग त्यानं छताकडं नजर वळवली.

“आईला ह्योच काळजाचा आजार व्हता,” तो म्हणाला. “आमाला लई उशिरा कळलं. रानातनं येताना चढाला तीन-तीनदा बसायची. काय झालं म्हनून इचारलं की म्हनायची, चप्पल टोचतीया.”

रत्नानं स्टूल आणखी जवळ ओढलं.

“आमी भोरातनं तिला चपलांचे तीन जोड आनले, ताई.”