निळा मफलर

शेफिल्डचा पोलाद कारखाना बंद पडला, तेव्हा पोटासाठी स्टेजवर कपडे उतरवणाऱ्या बेकार कामगारांवर एक सिनेमा निघाला. त्यात बेकारभत्त्याच्या रांगेत डोरीनचा नवरा क्लिफ क्षणभर दिसायचा. गळ्यात निळा मफलर, मान खाली. तो वारल्यावर डोरीन तेवढंच दृश्य थांबवून बघत बसे.

आता त्या सिनेमाचं संगीत नाटक आलं. शेवटी नटांनी चड्ड्या भिरकावल्या, तसं बायकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. डोरीन मात्र रांगेच्या गाण्यापासून रडतच होती.

"अगं, समोर एवढे उघडे बाप्ये, आणि तू रडतेस कसली?" शेजारणीनं, आयरिसनं, तिला कोपरानं ढोसलं.



"रांगेतला तो निळा मफलरवाला नाचला गं आज. आमच्या लग्नात मी पाया पडले, तरी जागचा हलला नव्हता मेला."