वाटीभर दूध

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि पाऊस दुसऱ्या वर्षीही फिरकला नव्हता. दातांच्या डॉक्टर चंद्रप्रभाबाई रेणापूरकडच्या एका वस्तीवर घरोघरी पोरांचे दात तपासत गुरम्माच्या खोपीत आल्या. तीन वर्षांच्या रत्नीचे पुढचे दात किडून काळे पडले होते.

"भुकेनं रडली की गुळाचं पाणी पाजता ना? अहो, दूध द्या पोरीला, दूध!" बाईंनी चांगलंच झापलं.

गुरम्मानं गुळाचा कोरा चहा पुढं केला.

"कोरा मला जात नाही हो. थोडं दूध घाला ना."

गुरम्मा शेजारच्या बसम्माकडून वाटीत दूध घेऊन आली आणि अख्खी वाटी चहात ओतली. बाईंनी कप रिकामा केला.

तेवढ्यात बसम्माच दारात आली. "गुरम्मे, शेळीनं आज तेवढंच दिलं बघ. पोरगी पिली का?"

बाईंनी कप पदराआड घेतला. त्यांना मान वर करवेना.

 

"हाव, समदं पिली," गुरम्मा म्हणाली, "घोटभर बी ठिवलं न्हाई."