कढईवाल्याचं हसू

खिळा ठोकून झाला. जोर्कानने सभेच्या छपराखाली तसबीर टांगली, काच शर्टाच्या बाहीने पुसली आणि लिबेताकडे न बघता म्हणाला, "या, बघून घ्या सगळ्यांनी. कढईवाल्यांचा मूळपुरुष."

माणसं हसली. आमच्या बेटावर लिबेताच्या घराला कढईवाले म्हणतात. तिच्या आजोबाने, लाकाबिनने, बेटावर जर्मनांचं राज्य असताना त्यांच्या एका कप्तानाला समुद्राचा नकाशा बांधून दिला आणि बदल्यात लोखंडी कढई घेतली, म्हणून. आमच्यात लाटांची विद्या सख्ख्या जावयालाही सांगत नाहीत. याने ती परक्याला विकली. तेव्हापासून त्या घरच्या माणसाच्या हाती कुणी सुकाणू दिलं नाही. लिबेताच्या बापाने जन्मभर दुसऱ्यांच्या होड्यांतलं पाणी उपसलं. शिकवायचं ते त्याने लेकीला चोरून शिकवलं, होडीच्या तळाला पाठ टेकून, डोळे मिटून, लाटा पाठीने ओळखत.

आणि आज ही बाई उत्तरेच्या बेटावर होडी न्यायची परवानगी मागायला आली होती. नवी उलांडीची होडी, तोल राखायला बाजूला ओंडका बांधलेली, वीस वर्षांत पहिली. नेणारा एकच. दुसरा मागणारा जोर्कान. त्याने ही तसबीर मेहुण्याकरवी होनोलुलूच्या जुन्या बाजारातून मुद्दाम मागवली होती, आजच्या दिवसासाठी. माणूस किती खालच्या थराला जातो बघा.

चित्र छापील होतं, कडांना पिवळं पडलेलं. वाळूत बसलेला एक उघडा माणूस, मांडीवर नारळाच्या पात्यांतल्या काड्यांचा, हिरांचा, बांधलेला नकाशा. हीर म्हणजे लाटा, कवड्या म्हणजे बेटं, आणि दोन लाटा भेटतात तिथे दोऱ्याची गाठ. खाली जर्मन अक्षरांत नाव, लाकाबिन. माणूस हसत होता.

"हसतोय बघा मेला," जोर्कानची बायको म्हणाली. "बापजाद्यांचा समुद्र विकून हसतोय."

"कढई चांगली मोठी असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

लिबेताने आजोबाचा चेहरा आज पहिल्यांदा बघितला. तिला सगळ्यांचा राग आला, आजोबाचा सगळ्यात जास्त. मग तिची नजर चेहऱ्यावरून खाली, हिरांवर गेली. एका जागी थांबली. तिने पुन्हा बघितलं. बोलायला तोंड उघडलं आणि तिने ते मिटून घेतलं.

आता थोरले उठले. थोरले म्हणजे बेटाचे प्रमुख. तरुणपणी स्वतः होड्या नेलेला माणूस, आता काठीशिवाय चालत नाही. ते तसबिरीपाशी गेले आणि काचेला नाक लागेल इतक्या जवळून बघत राहिले. बराच वेळ.

"जोर्कान," ते म्हणाले, "हा नकाशा बरोबर आहे?"

"तंतोतंत, थोरले. काडी न् काडी. तेच तर दुखणं आहे. माझ्या बापाने मला हेच शिकवलं, आणि याने ते भर बाजारात मांडलं."

"यावरून होडी नेशील?"

"डोळे बांधून नेईन."

"मग ने. परवा पहाटे निघ. तुझे दोघे मुलगे बरोबर घे."

झालं. जोर्कानच्या बायकोने लगेच वाटेच्या शिदोरीसाठी नीरफणस कुणी भाजायचे ते वाटून दिलं. जोर्कानने आता कुठे लिबेताकडे बघितलं. "पाणी उपसायला माणूस लागेल," तो म्हणाला. "येतेस? तुमच्या घराण्याला सराव आहे."

लिबेताच्या मनात आलं, जाऊ दे. बुडू दे मेल्याला. खरंच आलं. पण त्याचे दोघे मुलगे खांबाला टेकून उभे होते, आणि त्या पोरांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

"थोरले, याला पाठवू नका," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी खडकावर जाईल."

"कुठल्या खडकावर?"

साठ माणसं कान टवकारून बसली होती. सगळ्यात पुढे वाकला होता तो जोर्कान.

"ते चारचौघांत सांगायचं नसतं," लिबेता म्हणाली. "माझ्या आजोबाचं नाव धुऊन निघणार असलं तरी नाही."

थोरल्यांनी कान पुढे केला. ती जवळ गेली आणि दोन शब्द बोलली. म्हाताऱ्याने एकदाच मान डोलावली.

"नकाशा खोटा आहे," ते सगळ्यांना म्हणाले. "एक गाठ चुकीच्या बाजूला बांधलीय. कुठली, ते हिला ठाऊक आणि मला. कप्तानाच्या कानावर जाऊ नये म्हणून लाकाबिन मरेपर्यंत गप्प बसला. आपण त्याच्या घरावर थुंकलो, तरी गप्प बसला."

जोर्कानचा चेहरा उतरला. "छापणाऱ्याची चूक असेल, थोरले."

"आत्ता तर काडी न् काडी बरोबर होती."

यावर कुणी हसलं नाही. जो तो खाली चटईकडे बघत होता.

"सुकाणू लिबेताकडे," थोरले म्हणाले. "आणि जोर्कान, तू एक बरीशी करवंटी शोध. होडीत पाणी येतंच."

जोर्कान पुढे गेला आणि तसबीर उतरवायला त्याने हात वर केले.

"राहू दे तिथेच," थोरले म्हणाले. "इतके दिवस तो कप्तानाला हसत होता. आता आपल्याला हसू दे."