सहा जणांची वाट

उतार धोक्याचा आहे का ते बघायला गटाची वाटाडी लादिना हिने खणलेल्या खड्ड्यात बर्फाचे तीन थर होते: वर वाऱ्याने घट्ट दाबलेला चाळीस सेंटीमीटरचा, मध्ये साखरेसारखा सुटा आणि तळाशी जुना, टणक. खड्ड्याच्या कडेच्या बर्फावर फावडं ठेवून तिने हलक्या हाताने थापा दिल्या, तर तिसऱ्याच थापेला वरचा थर सुटून सरकला. पुढच्या तीव्र उतारावर पाऊल न टाकता तिने आपल्या सहा जणांच्या गटाला स्की मागे वळवायला सांगितल्या.

"खड्डेच खणायचे होते तर बटाट्याच्या शेतात नसतो का गेलो, पोरी?" शिखराकडे बघत गटातले गाउडेंत्सकाका कुरकुरले.

उतरताना त्यांच्याच वाटेने चढणारे झुरिकचे दोघे भेटले.

"वर जाऊ नका," लादिना म्हणाली. "हिमलोट कधीही सुटेल."

"अहो, चांगली वाट पडलीय की वर!"

"ती आमचीच आहे. आम्ही उतारावर न जाताच परत फिरलो."

"म्हणजे सहा जण वर जाऊन धडधाकट खाली आले!" त्यातला थोरला हसला. "मग आता भ्यायचं कशाला?"

"आम्ही गेलोच नाही, असं सांगतेय मी!" लादिना ओरडली, पण तोवर दोघे वळणाआड गेले होते.



कोसळलेल्या बर्फातून दोघांना जिवंत उकरून काढल्यावर लादिनाने मोजलं: तिच्या गटाची वाट जिथे संपली होती, तिथून चार मीटर पुढे हिमलोट सुटल्याची भेग होती.