मास्तरांपाशी उरलेला शब्द

“हॉरिबल!” बाहेरच्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला.

स्वयंपाकघरात, लोटलेल्या दाराआड उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीने क्षणभर डोळे मिटून घेतले.

“उशी म्हणताहेत. डाव्या खांद्याखालची सरकलीय.”

उशी खरोखरच सरकलेली होती. मास्तरांना न्यायला आलेल्या परिचारिकेने ती मुद्दामच सरकवली होती.

“बरोबर, काकू,” ती म्हणाली. “आता पुढचं.”

पक्षाघाताने मास्तरांची उजवी बाजू तर नेलीच, परंतु मुखातील सारी भाषाही नेली. मागे राहिला तो हा एकच इंग्रजी शब्द. शिंप्याच्या दुकानात कापड बेतण्यात त्यांची हयात गेली होती, म्हणूनच लोक त्यांना मास्तर म्हणत. वाकडी शिवण दृष्टीस पडली, की तो कोट कारागिराच्या अंगावर फेकताना ते हाच शब्द उच्चारीत. अत्यंत वाईट, भयंकर, डोळ्यांना पाहवणार नाही असे, इतका कठोर अर्थ त्या विशेषणात भरलेला आहे. आता मात्र चहा आला तरी हॉरिबल आणि नातीने गालाचा पापा घेतला तरी हॉरिबल. भेटीस आलेली माणसे अवघडून उठत.

“तुला वाटतं कळतं म्हणून,” असे मुलगा आईला वारंवार सांगत असे. “उद्या छातीत दुखलं, तर ते कसं सांगणार? तिथे निदान माणसं तरी आहेत लक्ष ठेवायला.” शुश्रूषागृहाची गाडी खाली येऊन उभी होती. तथापि मुलाने एक शब्द दिला होता. आईने दाराआडून, नुसत्या आवाजावरून बाबांचे म्हणणे ओळखून दाखवले, तर गाडी रिकामीच परत जाईल.

“हॉरिबल…” या वेळी आवाज लांबलेला होता.

“पाणी. पण गार देऊ नका, तोंड फिरवतील. कोमट लागतं. नवाब आहेत आमचे!”

परिचारिकेने गार पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ती मनापासून हसली. “माझा नवरा धडधाकट बोलतो, काकू, तरी मला त्याचं निम्मं कळत नाही.”

बाईंनाही हसू आले. त्यांनी नळ सोडून त्याखाली आपले उजवे मनगट धरले. ते चांगलेच सुजले होते. आदल्या दिवशी मास्तरांना खुर्चीतून उठवताना तोल गेला आणि त्या हातावर पडल्या. मुलाला त्यांनी दार लागले म्हणून सांगितले. मास्तरांना काहीच सांगण्याची गरज नव्हती. बाई फरशीवर पडून राहिल्या, तितका सगळा वेळ ते खुर्चीतून पाहत होते.

“शेवटचं, आई,” मुलगा म्हणाला. त्यानंतर तो वडिलांच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटला. नळाच्या आवाजात ते बाईंना ऐकू आले नाही. त्यांनी घाईने नळ बंद केला.

“हॉरिबल.” आखूड आणि कोरडा.

बाईंचा चेहरा उजळला. याहून सोपे ते काय असणार!

“नको म्हणताहेत. साफ नको! अशा आवाजात त्यांनी भलीभली गिऱ्हाइकं परत पाठवलीत. पुन्हा विचारू नका.”

बाई हात पुसत, जिंकल्याच्या आनंदात दार ढकलून आल्या. मुलगा मान खाली घालून बसला होता.

“काय विचारलंस रे?”

“इथेच राहायचंय ना, आईपाशी… असं विचारलं.”

बाईंनी मास्तरांकडे पाहिले. मास्तर त्यांच्या मनगटाकडे पाहत होते.

“चुकलं माझं,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “हो म्हणाले ते. नळ चालू होता, मला नीट ऐकूच आलं नाही.”

“आई, तुला कळत नसेल, तर ठरल्याप्रमाणे त्यांना न्यायला हवं. आणि कळलं असेल…”

बाई खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“माझ्या हाताचं निमित्त करू नका, सांगून ठेवते.”

“हॉरिबल.”

“पडले तर पडले! तुमच्या अंगावर तर नाही ना पडले?”

“हॉरिबल, हॉरिबल.”

“हो, झालेय मी म्हातारी. तुम्ही काय नवरदेव लागून गेलात? तिथे तोंड फिरवलंत, तर पेला ठेवून निघून जातील. कोमट करून आणायला कोण बसलंय?”

मास्तरांनी नजर त्यांच्या मनगटावरून चेहऱ्याकडे नेली. मग त्यांनी तोच शब्द उच्चारला. परंतु इतक्या हलक्या आवाजात, की परिचारिकेने नजर खिडकीकडे वळवली.

“काय म्हणाले, आई?” मुलाने विचारले.

“तुझ्याशी नाही बोलले ते.” बाईंनी नाक ओढले. “त्यांचा बाहेर जायचा बुशकोट आण. निळा.”

बाईंनी तो मास्तरांना चढवला. निर्जीव हात आधी, मग दुसरा. परिचारिका मदतीस पुढे झाली, तिला त्यांनी मानेनेच थांबवले. एका धड हाताने मात्र बाईंना बटण लावता येईना. तेव्हा मास्तरांनी आपला डावा हात उचलला आणि दोन बोटांत काज ताणून धरले. बाईंनी त्यातून बटण सारले. मग त्याखालचे.

बटणे फारशी नव्हती. तरीही दोघांपैकी कोणीच घाई केली नाही.